लँथॅनमची कळ : जिवाणू मद्यार्क आणि साखर केव्हा जाळतात, हे कोण ठरवते?

वाढत्या कोवळ्या पानातून मिथेनॉलची वाफ सतत बाहेर पडत असते. पेशीभित्तिका ताणली जाऊन नव्याने रचली जाताना तिच्यातील पेक्टिनाचे मिथिल गट सुटतात, आणि त्यांचेच मिथेनॉल होऊन ते पर्णरंध्रांतून हवेत मिसळते. माणसाच्या दृष्टीने हा मद्यार्क विषारी आहे. हातभट्टीच्या दारूत तो मिसळला गेल्याने दृष्टी किंवा प्राण गमावल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. पानाच्या पृष्ठभागावर मात्र याच वाफेवर निर्वाह करणारी एक गुलाबी वस्ती नांदत असते. या वस्तीतील मिथायलोबॅक्टेरियम वंशाचे जिवाणू मिथेनॉलचे ऑक्सिडीकरण करतात, म्हणजे त्यातील इलेक्ट्रॉन काढून घेऊन ऊर्जा मिळवतात, आणि उरलेल्या कार्बनापासून आपला देह घडवतात.

या वंशाचा सर्वाधिक अभ्यासलेला वाण 'एएम१' या नावाने ओळखला जातो. १९६० च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे पील आणि क्वेल यांच्या प्रयोगशाळेत तो हवेतून येऊन पोषक माध्यमात पडला, आणि तिथेच वाढला. खरे तर तो प्रयोगात शिरलेला आगंतुक. पण फेकून न देता सांभाळला गेला, आणि एका कार्बनाच्या संयुगांवर जगणाऱ्या जिवाणूंच्या संशोधनाचा तो पुढील सहा दशके आधारस्तंभ ठरला. त्याचे जनुकशास्त्र मुख्यतः अमेरिकेत उलगडले. मेरी लिडस्ट्रॉम यांनी आधी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आणि नंतर सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात यावर दीर्घकाळ काम केले. या संशोधनाची गेल्या पंधरा वर्षांतील दिशा पाहिली, तर पर्णपृष्ठावरील एका सूक्ष्मजीवाचा प्रश्न थेट विद्युत मोटारींच्या चुंबकांपर्यंत कसा पोहोचला, हे ध्यानात येते.

मिथेनॉलपासून दोन इलेक्ट्रॉन काढले की फॉर्माल्डिहाइड तयार होते. शवागारात आणि प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नमुने टिकवण्यासाठी वापरतात ते फॉर्मॅलिन म्हणजे याचेच पाण्यातील द्रावण. प्रथिने आणि डीएनए यांना ते जखडून टाकते. त्यामुळे मिथेनॉल जाळण्याची यंत्रणा जिवाणूला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढी चालवून भागत नाही. ती गरजेपेक्षा कमी चालली तर उपासमार आणि जास्त चालली तर विषबाधा. शिवाय या यंत्रणेची उभारणी खर्चिक आहे. मिथेनॉल डीहायड्रोजनेज हे मुख्य विकर, म्हणजे एन्झाइम, हा एकच भाग नव्हे. इलेक्ट्रॉन वाहून नेणारी सायटोक्रोम प्रथिने, विकरात धातूचा अणू बसवणारी मदतनीस प्रथिने आणि विकराला लागणारा सहविकर घडवणारी प्रथिने, असा वीसहून अधिक जनुकांचा गोतावळा त्यासाठी लागतो. जनुकांच्या नियमनाचा प्रश्न इथे जीवनमरणाचा होतो, तो यामुळे.

सहविकराची कथा स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. १९६४ मध्ये नॉर्वेचे हाउगे यांना एका जिवाणूच्या ग्लुकोज डीहायड्रोजनेजमध्ये आणि इंग्लंडचे अँथनी व झॅटमन यांना मिथेनॉल डीहायड्रोजनेजमध्ये असा एक घटक आढळला, जो तोवर ज्ञात असलेल्या कोणत्याही सहविकराशी जुळत नव्हता. एक विकर साखर जाळणारे, दुसरे मद्यार्क जाळणारे. दोन्हींच्या गाभ्यात तोच अनोळखी रेणू. त्याची रचना १९७९ मध्ये स्फटिकाच्या क्ष-किरण परीक्षणातून उलगडली. सॅलिसबरी, फॉरेस्ट, क्रूझ आणि केनर्ड यांच्या त्या कामातून 'मेथॉक्साटिन' हे नाव आले. आज तो पायरोलोक्विनोलिन क्विनोन, म्हणजे पीक्यूक्यू, या नावाने ओळखला जातो. हार्वर्डच्या ई. जे. कोरी यांच्या गटाने १९८१ मध्ये तो प्रयोगशाळेत घडवूनही दाखवला. अमेरिकेतील औषधांच्या दुकानात स्मरणशक्तीसाठी म्हणून पीक्यूक्यूच्या गोळ्या विकल्या जातात, त्या याच रेणूच्या. तो सस्तन प्राण्यांसाठी जीवनसत्त्व असल्याचा दावा २००३ मध्ये जपानी संशोधकांनी 'नेचर'मध्ये केला होता. २००५ मध्ये त्याच नियतकालिकात तो पुराव्यासह खोडला गेला. बाटलीवरील लेबल वाचताना एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.

साखरेच्या बाजूने पाहिले तर या रेणूने एक चमत्कारिक कोडे उभे केले. आपल्या आतड्यात राहणारा आणि जगातील प्रत्येक जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळेत पाळला जाणारा ई. कोलाय हा जिवाणू ग्लुकोज डीहायड्रोजनेज हे विकर घडवतो, ते पेशीपटलात नीट बसवतोही. पण पीक्यूक्यू घडवणारी जनुके मात्र त्याच्याकडे नाहीत. कुलूप घरचे, किल्ली परक्याकडे. सभोवताली दुसऱ्या कोणी पीक्यूक्यू सोडले असेल तरच हे विकर जागे होते आणि ग्लुकोजचे ग्लुकॉनिक आम्ल करू लागते. हा रेणू बाहेरून आत घेणारे खास प्रवेशद्वारही ई. कोलायच्या बाह्यपटलात असल्याचे २०२२ मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. शेजाऱ्याच्या किल्लीवर विसंबून उत्क्रांतीने एवढी व्यवस्था राखून ठेवावी, यावरून निसर्गात ती किल्ली बऱ्यापैकी वारंवार मिळत असावी, असे मानावे लागते.

या उणिवेचाच उपयोग करून कॅलिफोर्नियात अॅलन गोल्डस्टीन यांनी एक महत्त्वाचा प्रयोग केला. मातीतील काही जिवाणू न विरघळणारे खनिज फॉस्फेट विरघळवतात, हे जुने निरीक्षण. पण ते नेमके कशामुळे घडते, हे जनुकांच्या पातळीवर ठाऊक नव्हते. गोल्डस्टीन आणि लिऊ यांनी अर्विनिया हर्बिकोला या वनस्पतींवरील जिवाणूच्या डीएनएचा एक तुकडा ई. कोलायमध्ये घातला, तेव्हा ई. कोलाय ग्लुकॉनिक आम्ल बनवू लागला आणि कॅल्शियम फॉस्फेट विरघळवू लागला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा उलगडा १९९२ मध्ये झाला : त्या तुकड्यातील जनुक पीक्यूक्यूच्या निर्मितीशी निगडित होते. म्हणजे जिवाणूला फॉस्फेट विरघळवण्याची कोणतीही वेगळी 'विद्या' शिकवावी लागली नव्हती. साखर जाळण्याचे झोपलेले विकर तेवढे जागे झाले होते, आणि आम्ल हे त्याचे उपउत्पादन होते.

याचा धागा बडोद्यापर्यंत जातो. महाराजा सयाजीराव विद्यापीठात नरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एक अडचणीचा प्रश्न विचारला. प्रयोगशाळेच्या काचपात्रात फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू शेतात अपेक्षेप्रमाणे काम का करत नाहीत? दख्खनच्या काळ्या कपाशीच्या जमिनीत हा प्रश्न विशेष तीव्र आहे. ही माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी; आम्लाचे थेंब पडताच ती त्यांचा प्रभाव निष्फळ करते. साध्या माध्यमात नावाजलेले वाण अशा आम्लरोधक माध्यमात ठेवताच निष्प्रभ ठरतात, हे या गटाने दाखवले. जैविक खतांच्या पाकिटांवरील आश्वासनांकडे पाहण्याची दृष्टी बदलावी, असे हे काम आहे. मात्र तुरीच्या मुळांभोवतालच्या मातीत त्यांना एंटेरोबॅक्टर अॅस्बुरीचा एक वाण सापडला, जो या परिस्थितीतही पुरेसे ग्लुकॉनिक आम्ल तयार करतो. त्याचे वैशिष्ट्य नियमनात होते : फॉस्फेटची उपासमार सुरू झाली की त्याच्यात ग्लुकोज डीहायड्रोजनेजची क्रियाशीलता वाढते. फॉस्फेट हाताशी असताना हा जिवाणू आम्लासाठी साखर उधळत नाही. अर्थात ज्या वावरात रासायनिक फॉस्फेटची मात्रा आधीच भरपूर पडली आहे, तिथे अशा वाणाकडून मोठी अपेक्षा ठेवणे त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे.

आता पुन्हा मद्यार्काकडे. एएम१ वाणात मिथेनॉल जाळणाऱ्या मुख्य विकराची जनुके एका सलग समूहात आहेत. संशोधक त्याला 'एमएक्सए' समूह म्हणतात. हे विकर पेशीच्या आतील आणि बाहेरील पटलांमधल्या पोकळीत काम करते, आणि त्याच्या गाभ्यात पीक्यूक्यूशेजारी कॅल्शियमचा एक अणू बसलेला असतो. मिथेनॉलवर न वाढणारी असंख्य उत्परिवर्तने एकेक करून तपासत लिडस्ट्रॉम यांच्या गटाने या समूहाचे नियंत्रकही शोधून काढले. जिवाणूंमध्ये सर्वत्र आढळणारी ही जोडगोळीची पद्धत आहे. पटलात बसलेला संवेदक बाहेरची वर्दी टिपतो आणि आतल्या प्रतिसादकाला फॉस्फेटचा गट देऊन जागे करतो. प्रतिसादक डीएनएवर जाऊन जनुके चालू करतो. एएम१ मध्ये अशा दोन जोड्या, आणि त्यांच्या जोडीला एक एकटा प्रतिसादक, मिथेनॉलच्या कारभारावर देखरेख ठेवतात. त्यातही उतरंड आहे : एक जोडी दुसरीला चालू करते, दुसरी मुख्य समूहाला. तालुक्याची फाइल जिल्ह्याच्या सहीवाचून हलत नाही, तसा प्रकार.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हे चित्र बहुतांश पूर्ण झाले आहे, असा समज होता. एक बारीक खटकणारी गोष्ट तेवढी उरली होती. जिवाणूच्या गुणसूत्रावर मुख्य विकराशी साधारण निम्मे साम्य असलेले दुसरे जनुक होते : झॉक्स-एफ. ते काढून टाकले तरी जिवाणूच्या वाढीत लक्षणीय फरक दिसेना. त्याचे काम काय, हे कोणाला सांगता येईना, आणि ज्याचे काम कळत नाही त्याकडे दुर्लक्ष करण्याचा मोह विज्ञानालाही आवरत नाही. पुढे विविध जिवाणूंचे जनुकसंच वाचले जाऊ लागले, तसे आश्चर्य वाढत गेले. झॉक्स-एफ जवळपास सर्वत्र होते. नावाजलेले कॅल्शियमचे विकर मात्र अनेकांकडे नव्हतेच.

२०११ मध्ये दोन दिशांनी पडदा सरकू लागला. अमेरिकेत एलिझाबेथ स्कोवरन, लिडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी दाखवले की झॉक्स-एफच्या दोन्ही प्रती काढून टाकल्या तर एएम१ मध्ये मुख्य एमएक्सए समूह चालूच होत नाही. ज्या प्रथिनाला निरुद्योगी समजले गेले, ते दुसऱ्या विकराच्या जनुकांची चावी फिरवत होते. त्याच सुमारास जपानी संशोधकांना आढळले की माध्यमात लँथॅनम घातले की झॉक्स-एफ स्वतः मिथेनॉल जाळू लागते. लँथॅनम हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांपैकी एक. सजीवांना या मूलद्रव्यांचा काही उपयोग असेल, ही कल्पना तोपर्यंत पाठ्यपुस्तकांत नव्हती.

निर्णायक पुरावा नेपल्सजवळच्या सोल्फातारा या ज्वालामुखी विवरातून आला. तिथल्या उकळत्या, तीव्र आम्लधर्मी चिखलात राहणारा मिथेनभक्षी जिवाणू नेदरलँड्सच्या नायमेखेन येथील शास्त्रज्ञांनी वाढवला होता. पण त्याला त्याच विवरातील थोडे पाणी घातल्यावाचून तो नीट वाढत नसे. या पाण्यात असे आहे तरी काय, याचा शोध घेता घेता उत्तर मिळाले : सिरियम, लँथॅनम, प्रेझिओडिमियम, निओडिमियम. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात विकराची स्फटिकरचनाही होती. कॅल्शियम जिथे असायचे, तिथे दुर्मिळ मृदा धातूचा अणू बसलेला होता आणि त्याला धरून ठेवण्यासाठी साखळीत एक जादा अॅस्पार्टिक आम्ल होते. कॅल्शियमच्या विकरात त्या जागी साधे अॅलॅनिन असते. या एका अक्षरावरून आता कोणत्याही जनुकसंचात लँथॅनमचे विकर ओळखता येते.

पन्नास वर्षे ही गोष्ट दृष्टीआड का राहिली, याचे उत्तर काहीसे बोचरे आहे. प्रयोगशाळेतील माध्यमे शुद्ध रसायनांपासून बनवली जात. त्यात लोह, तांबे, जस्त, कोबाल्ट मोजून घातले जाई. लँथॅनम घालण्याचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. म्हणजे निसर्गात जे विकर जिवाणूंची पहिली पसंती आहे, ते प्रयोगशाळेत कधी जागेच झाले नाही, आणि आपत्कालीन पर्यायालाच सर्वांनी मुख्य विकर मानले. 'दुर्मिळ' हे विशेषणही फसवे आहे. पृथ्वीच्या कवचात सिरियमचे प्रमाण तांब्याच्या तोडीचे आहे. ते सहज विरघळत नाही आणि एका ठिकाणी सलग सापडत नाही, इतकेच.

यानंतर नियमनाचे चित्र नव्याने मांडावे लागले. सॅन होजे स्टेट विद्यापीठातील स्कोवरन आणि आता बर्कलीत असलेल्या सेसिलिया मार्टिनेझ-गोमेझ यांच्या गटांनी ते तपशीलवार मांडले. माध्यमात लँथॅनमची अत्यल्प मात्रा, म्हणजे लिटरमागे मोलच्या अब्जांशांत मोजावी एवढी, उपलब्ध होताच एमएक्सए समूह बंद होतो आणि झॉक्स समूह चालू होतो. याला 'लँथॅनमची कळ' असे नाव पडले आहे. ही कळ कशी फिरते, याची आजची मांडणी अशी : लँथॅनम न मिळालेले, रिकाम्या गाभ्याचे झॉक्स-एफ प्रथिन पटलातील संवेदकाला वर्दी देते की धातू उपलब्ध नाही, तेव्हा कॅल्शियमची यंत्रणा उभारा. धातू मिळाला की तेच प्रथिन विकर म्हणून कामाला लागते आणि वर्दी थांबते. झॉक्स-एफ नसलेले जिवाणू मिथेनॉलवर उपाशी राहतात, पण काही दिवसांनी त्यांतून काही वाढू लागतात. त्यांचा डीएनए वाचला असता बदल नेमका त्या संवेदकाच्या जनुकात सापडला. वर्दीची वाट न पाहता सतत चालू राहणारा संवेदक त्यांनी मिळवला होता. मांडणीच्या बाजूने हा पुरावा भक्कम आहे. रिकामे झॉक्स-एफ संवेदकाला प्रत्यक्ष स्पर्श करते की मध्ये आणखी कोणी आहे, हा भाग अजून अनुमानाचा आहे.

ही कळ केवळ मिथेनॉलपुरती नाही. एएम१ मध्येच 'एक्सा-एफ' नावाचे विकर आढळले, जे लँथॅनमच्या साहाय्याने इथेनॉल, म्हणजे नेहमीचा मद्यार्क, जाळते. मिशिगन विद्यापीठातील जेरेमी सेम्राऊ यांच्या गटाने २०१५ मध्ये मिथेनवर जगणाऱ्या एका जिवाणूतही सिरियममुळे विकरांची अशीच अदलाबदल होते, हे दाखवले. तिथे तांब्याचे प्रमाणही त्यात हस्तक्षेप करते.

जो धातू इतका दुष्प्राप्य, तो जिवाणू मिळवतो कसा? पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात जोसेफ कोट्रुव्हो यांच्या गटाने २०१८ मध्ये याच जिवाणूतून एक छोटे प्रथिन वेगळे केले. त्याचे नाव लॅनमोड्युलिन. कॅल्शियमपेक्षा दुर्मिळ मृदा धातूंना ते सुमारे दहा कोटी पट अधिक पसंती देते. पेशीत आणि मातीत कॅल्शियम अमाप, लँथॅनम नाममात्र; अशा गर्दीतून नेमका हवा तो अणू उचलायचा, तर एवढा पक्षपात हवाच.

अमेरिकेत या प्रथिनाकडे केवळ जीवशास्त्रज्ञांचे लक्ष नाही. निओडिमियमचे चुंबक विद्युत मोटारींत, पवनचक्क्यांत, संगणकाच्या डिस्कमध्ये आणि क्षेपणास्त्रांत लागतात. कॅलिफोर्नियातील माउंटन पास ही खाण एकेकाळी जगाची मोठी पुरवठादार होती. पुढे हा व्यवसाय, विशेषतः शुद्धीकरण, चीनच्या हाती एकवटला. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सॅमॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम यांसह सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा डेट्रॉइटपासून पुण्याच्या चाकणपर्यंतच्या वाहन उद्योगात या नावांची चर्चा होऊ लागली. मूळ अडचण खाणीपेक्षा विलगीकरणाची आहे. ही मूलद्रव्ये रासायनिकदृष्ट्या एकमेकांची इतकी सख्खी भावंडे आहेत की त्यांना वेगळे करण्यासाठी आम्ले आणि सेंद्रिय द्रावकांच्या टप्प्यांमागून टप्पे लागतात. लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि पेन स्टेट यांनी लॅनमोड्युलिन बारीक मण्यांवर बसवून पाण्यातच हे काम साधण्याचा मार्ग काढला. ओक वृक्षावरील दुसऱ्या एका जिवाणूतील लॅनमोड्युलिन निओडिमियम आणि डिस्प्रोसियम यांतील फरकही ओळखते, हे २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात प्रयोगशाळेतील स्तंभ आणि टनावारी माल काढणारा कारखाना यांत मोठे अंतर असते, आणि प्रथिनाचे स्थैर्य व उत्पादनखर्च हे प्रश्न त्या अंतरात उभे आहेत.

बर्कलीचा मार्ग निराळा आहे. तिथे प्रथिन वेगळे न काढता सबंध जिवाणूच कामाला लावला जातो : निकामी चुंबकांचा भुगा आणि इलेक्ट्रॉनिक कचरा त्याच्या माध्यमात घालायचा, आणि मिथेनॉलवर वाढताना तो धातू पेशीत साठवेल अशी तजवीज करायची. नियमनाचे ज्ञान इथे थेट उपयोगी पडते, कारण मुळात हा जिवाणू फक्त हलक्या धातूंवर, म्हणजे लँथॅनमपासून निओडिमियमपर्यंत आणि मंद गतीने सॅमॅरियमवर वाढतो. जड गॅडोलिनियमवर तो वाढत नव्हता. एमआरआय तपासणीपूर्वी रुग्णाला टोचतात त्या द्रव्यात गॅडोलिनियम असते, आणि ते पुढे सांडपाण्यातून नद्यांत जाते. संशोधकांनी मूळ वाणाला गॅडोलिनियमवर जगण्याच्या कसोटीला लावून एक नवा वाण मिळवला, जो एमआरआयच्या द्रव्यातूनही हा धातू खेचून घेतो. त्याचा डीएनए वाचल्यावर बदल मद्यार्क जाळणाऱ्या विकरात सापडला नाही. तो होता एका संवेदक-प्रतिसादक प्रथिनाच्या जनुकात, आणि तोही एकाच अक्षराचा.